पूर्वपक्ष आणि वगळलेले उतारे

धर्मश्रद्धेसंबंधी वाद उपस्थित झाला की विरोधी मत खोडून काढण्याऐवजी ते बोलूच न देण्याकडे समाजाचा कल का होतो, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा समाजशास्त्रज्ञांनी व कायदेपंडितांनी केला आहे. साहित्यसमीक्षेने तो आपला मानला नाही. वास्तविक या व्यवहारात जी साधने वापरली जातात ती सगळी वाङ्मयाच्या क्षेत्रातली आहेत. वाक्य संदर्भातून उचलणे, उताऱ्याला ग्रंथाचा दर्जा देणे, लेखकाच्या हेतूविषयी अनुमान बांधणे, कोण बोलतो यावरून काय बोलले याचा निकाल लावणे, ही वाचनाचीच, पण बिघडलेल्या वाचनाची, रूपे होत. शास्त्रचर्चेच्या आपल्या परंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचे आणि मगच सिद्धांताकडे वळावयाचे, असा दंडक होता. तो कितपत पाळला गेला हा प्रश्न निराळा. परंतु दंडक होता, आणि त्याच्या मोडण्याची चिकित्सा करणे समीक्षकाला सहज शक्य आहे. प्रस्तुत लेखात ती एका प्रकरणाच्या आधारे करावयाची आहे. प्रकरण हिंदी पुस्तकाचे आहे, त्याचा निर्णय जबलपुरात झाला, आणि लेखक घराने मराठी होता.

गजानन माधव मुक्तिबोध हे नाव हिंदी काव्याच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे जन्मलेल्या या कवीची घरची भाषा मराठी, लेखनाची भाषा हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत राहिले. ‘नवी मळवाट’ व ‘यात्रिक’ या संग्रहांनी आणि पुढे ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाने त्यांनी मराठी काव्यविचारात आपले स्थान निर्माण केले. एकाच घरातून दोन भाषांना दोन कवी मिळाल्याचे हे उदाहरण मध्य भारतातील मराठी कुटुंबांच्या इतिहासात फारसे अपवादात्मक नाही. अपवादात्मक आहे ती दोघांचीही योग्यता. गजाननराव ‘तार सप्तक’ या १९४३ च्या संकलनातील सात कवींपैकी एक होते. १९४८ मध्ये नागपूरला येण्यापूर्वी काही काळ ते जबलपुरात होते, आणि नागपूरची दहा वर्षे संपवून १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून गेल्यावरही जबलपूरशी त्यांचे नाते तुटले नाही. हरिशंकर परसाई तेथून ‘वसुधा’ नावाचे मासिक काढीत असत, आणि मुक्तिबोधांच्या साहित्यिक डायरीतील काही महत्त्वाचे लेख त्या मासिकात आले. जुन्या मध्य प्रांताचे हे दोन टोकांचे जग होते, नागपूर आणि जबलपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरात स्थापन झाले. ज्या शहरात आपली डायरी छापली जाते, त्याच शहरातील न्यायालयात आपले एक पुस्तक उभे राहील, याची कल्पना कवीला असण्याचे कारण नव्हते.

ते पुस्तक म्हणजे ‘भारत : इतिहास और संस्कृति’. ते कवितेचे नव्हते, आणि विद्वत्सभेसाठी लिहिलेलेही नव्हते. शाळेतील विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले ते पाठ्यपुस्तक होते. राजे, लढाया व सत्तांतरे यांच्या तपशिलात न गुंतता भारतीय समाज व संस्कृती यांचा विकासक्रम सांगावा, अशी त्यामागील भूमिका होती. ती आज कोणत्याही शालेय पुस्तकाच्या प्रस्तावनेत शोभेल. परंतु समाजाचा विकास सांगावयाचा म्हणजे धर्मसंप्रदायांचा उदय, त्यांचे परस्परांतील झगडे, प्राचीन लोकांचे आचार व आहार, वर्णव्यवस्थेची घडण, हे सगळे मानवी इतिहासाचा भाग म्हणून सांगावे लागते. जे श्रद्धावंताला अनादि वाटते त्याला आरंभ असल्याचे इतिहासकार सांगतो. वादाचे मूळ येथे आहे. मुक्तिबोधांनी कोणत्याही धर्माची निंदा केली असे त्यांच्या कट्टर विरोधकालाही सिद्ध करता आले नसते. त्यांनी धर्माला काळ दिला, आणि तेवढे पुरेसे ठरले.

विरोध सुरू झाला तो वर्तमानपत्रे, निवेदने व सभा यांतून. हिंदुत्ववादी पक्ष व संघटना त्यात पुढे होत्या हे खरे, परंतु सगळे श्रेय त्यांना देणे अन्यायाचे होईल. पाठ्यपुस्तक हा मोठा व्यापार असतो. एक पुस्तक लागले की दुसरी काही पुस्तके लागत नाहीत, आणि ज्यांची लागत नाहीत त्यांनाही एकाएकी धर्माभिमान सुचू शकतो. या प्रकरणात प्रकाशकांच्या स्पर्धेचा हात होता, असे त्या वेळीही बोलले गेले. धर्मभावनेच्या नावाने उठलेल्या कल्लोळात किती हिशेबी हात मिसळलेले असतात, याचा अभ्यास व्हावयास हवा. आपण बहुधा घोषणा मोजतो, हिशेबाच्या वह्या पाहत नाही. अखेर १९ सप्टेंबर १९६२ रोजी मध्य प्रदेश शासनाने पुस्तकावर बंदी घातली. शासन काँग्रेसचे होते आणि भगवंतराव मंडलोई मुख्यमंत्री होते. म्हणजे मागणी एका पक्षाची, आज्ञा दुसऱ्या पक्षाची. मतभेदाचे तोंड बंद करण्याच्या इतिहासात ही वाटणी पुनःपुन्हा आढळते: आरडाओरडा करणारा एक असतो आणि शांततेच्या नावाने सही करणारा दुसरा.

प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १९६३ मध्ये निर्णय झाला तो असा की, आक्षेपार्ह ठरलेले उतारे वगळून पुस्तक प्रसिद्ध करता येईल. वरकरणी हा मध्यममार्ग दिसतो. पुस्तक जगले, भावना राखल्या गेल्या, शांतता टिकली. परंतु समीक्षेच्या दृष्टीने पाहता बंदीपेक्षा हा निर्णय अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण बंदी पुस्तकाला पुस्तक म्हणून तरी ओळखते. उतारे वगळण्याच्या आज्ञेत एक सिद्धांत गृहीत धरलेला असतो. तो असा की ग्रंथ ही सुट्या वाक्यांची रास आहे, आणि दोषी वाक्ये निवडून काढल्यास उरलेली रास निर्दोष राहते. ललित वाङ्मयाच्या बाबतीत हा सिद्धांत हास्यास्पद आहे हे सर्वांना पटते. नाटकातील दुष्टाचे संवाद गाळून नाटक निर्दोष करा, असे कोणी म्हटल्यास आपण हसू. परंतु वैचारिक ग्रंथाच्या बाबतीत तोच सिद्धांत गंभीर चेहऱ्याने स्वीकारला जातो. युक्तिवादातही वाक्यांचे परस्परावलंबन असतेच. आधी पुरावा, मग अनुमान, मग मर्यादा दर्शविणारे वाक्य, असा क्रम असतो. मधले अनुमान काढले की मागचा पुरावा निरर्थक होतो आणि पुढची मर्यादा अधांतरी लोंबकळते. वगळलेल्या प्रतीत लेखक गप्प बसलेला दिसत नाही. तो असंबद्ध बोलताना दिसतो. मौनाहून ही शिक्षा कठोर आहे.

येथे कायद्याचा थोडा मागोवा घेणे इष्ट होईल. मुक्तिबोधांवर धर्मभावना दुखावल्याचा फौजदारी खटला झाला नव्हता. वाद बंदीच्या आज्ञेचा होता. तरीही आपल्याकडे या विषयावर बोलताना जी भाषा वापरली जाते ती भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ ची आहे. लाहोर येथे एका पुस्तिकेवरून झालेल्या खटल्यात प्रकाशक १९२७ मध्ये उच्च न्यायालयातून सुटला, त्यावर क्षोभ झाला, आणि त्याच वर्षी हे कलम संहितेत आले. ते आले तरी १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तीत हीच तरतूद कलम २९९ म्हणून आहे. या कलमाचा अर्थ सांगताना सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी यांच्या प्रकरणात एक मर्यादा स्पष्ट केली होती. धर्माचा प्रत्येक अवमान येथे अपराध ठरत नाही. जो जाणूनबुजून व दुष्ट हेतूने केला असेल तोच ठरतो. अनवधानाने किंवा बेफिकिरीने झालेला अवमान या कलमात बसत नाही. म्हणजे कायद्याने प्रश्न विचारला तो लेखकाच्या हेतूचा. सार्वजनिक चर्चेने मात्र तो प्रश्न केव्हाच टाकून दिला आणि वाचकाची वेदना हा एकच निकष शिल्लक ठेवला. हेतू ओळखावयाचा तर संपूर्ण कृती वाचावी लागते, रचना पाहावी लागते, सूर ऐकावा लागतो. वेदना सांगावयास एक वाक्य पुरते, आणि पुष्कळदा ते दुसऱ्याने वाचून दाखविलेले असले तरी चालते.

विरोधी मत गप्प करण्याच्या क्रियेचे मर्म माझ्या मते या प्रश्नांतरात आहे. ‘हे विधान खरे काय?’ हा प्रश्न बाजूला सरकतो आणि त्याच्या जागी ‘हे विधान कोणाला लागले?’ असा प्रश्न येतो. पहिल्या प्रश्नाला पुरावा व युक्तिवाद यांनी उत्तर देता येते, म्हणून त्यात दोन्ही पक्षांना बोलावे लागते. दुसऱ्याला उत्तरच नाही. वेदनेचे खंडन करता येत नाही, फार तर क्षमा मागता येते. जुन्या काळी हाच पालट निराळ्या शब्दांत होत असे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची जी कथा देहूच्या परंपरेने जपली आहे, तीत रामेश्वर भटांचा आक्षेप अभंग खोटे आहेत असा नव्हता. ते बोलण्याचा अधिकार या माणसाला नाही, असा होता. तेव्हा ‘तू कोण?’ असे विचारीत, आता ‘आम्हाला काय वाटेल?’ असे विचारतात. दोन्ही वेळा ‘खरे काय?’ हे विचारायचे राहूनच जाते. पुढे रामेश्वर भट तुकोबांचे भक्त झाले हे त्या कथेचे उत्तरांग अधिक लोभस आहे, परंतु आपले लोक कथेचा पूर्वार्धच अधिक वेळा जगून दाखवितात.

कोणी म्हणेल, त्या काळी देशात धर्माच्या ऐतिहासिक चिकित्सेला वावच नव्हता, मग एका शासनाला कशाला दोष द्यावा? हे म्हणणे टिकत नाही. साहित्य अकादमीने १९५५ मध्ये मराठी ग्रंथाला पहिला पुरस्कार दिला तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला. शीर्षकातील ‘विकास’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. जिचा विकास होतो ती गोष्ट काळात घडते व बदलते. तर्कतीर्थांनी त्याही आधी ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिली होती, आणि तिच्यातील चिकित्सा शालेय पुस्तकात मावेल त्याहून कितीतरी प्रखर आहे. मग जी दृष्टी १९५५ मध्ये राष्ट्रीय सन्मानास पात्र ठरली, तीच सात वर्षांनी बंदीस का पात्र ठरावी? एक कारण उघड आहे. तर्कतीर्थ वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे; शास्त्रांचे अध्ययन करून आलेले. विरोधकाला त्यांच्याशी वाद करावयाचा तर ग्रंथ उघडावे लागत. मुक्तिबोध हे महाविद्यालयातील एक अध्यापक, विचारांनी मार्क्सवादाकडे झुकलेले, आणि त्यांच्याशी वाद करण्यास ग्रंथांची गरज नव्हती. दुसरे कारण वाचकांचे. विद्वानांसाठी लिहिलेला जाड ग्रंथ कोणाला धोक्याचा वाटत नाही. तोच विचार सोप्या भाषेत चौदा वर्षांच्या मुलासमोर ठेवला की तो धोक्याचा होतो. थोडक्यात, आपल्या समाजाने चिकित्सेला परवानगी दिली होती, पण ती दिवाणखान्यापुरती, शाळेपुरती नाही. यात अकादमीसारख्या संस्थांनाही विचार करण्याजोगे काही आहे. आपण ज्या विचाराचा गौरव करतो तो सामान्य वाचकापर्यंत पोहोचू लागला की त्याच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न पुरस्काराच्या मानपत्रात लिहिलेला नसतो.

आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पाठ्यपुस्तक हे इतर पुस्तकांसारखे नसते. कादंबरी नको असेल तर वाचक ती खाली ठेवतो. पाठ्यपुस्तक मुलाला वाचावेच लागते, आणि त्याच्यामागे शासनाचा शिक्का असतो. आपल्या मुलाला आपल्या श्रद्धेविषयी काय शिकविले जाते हे विचारण्याचा पालकाचा हक्क कोणी नाकारू नये. प्रत्येक आक्षेप म्हणजे मुस्कटदाबी नव्हे, आणि जे पुरोगामी लेखक कोणत्याही हरकतीला लगेच ते नाव देतात ते स्वतःच चर्चेची वाट बंद करतात. प्रश्न आक्षेप घ्यावा की नाही हा नाही. आक्षेपाचे पुढे काय करावयाचे हा आहे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी वाद करीत होते. वेदोक्त धर्मावर होणाऱ्या टीकेने बुवांच्या भावना दुखावल्या नसतील असे कोण म्हणेल? परंतु त्यांनी सरकारकडे अर्ज केला नाही. ते वाळूत उभे राहिले, लोक जमले, मिशनऱ्यांनी प्रश्न विचारले, बुवांनी उत्तरे दिली आणि उलट प्रश्न विचारले. विशेष म्हणजे त्या वादाचा वृत्तांत प्रतिपक्षातील जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापला, आणि तो बुवांच्या अनुयायांनाही नकोसा झाला नाही. मराठीत त्या वादविवादाचे पुस्तक पुढे निघाले. श्रद्धावंत माणूस विरोधी मताला कसे भेटू शकतो याचा हा नमुना आपल्याच भाषेत आहे. तो परदेशातून आणावा लागत नाही.

दुसरा नमुना अलीकडचा, आणि तो जबलपूरच्या निर्णयाशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे समग्र लेखन प्रसिद्ध करावयास घेतले. १९८७ मध्ये त्याचा चौथा खंड निघाला. त्यात हिंदुधर्मातील कोड्यांविषयीचे, बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले लेखन होते. राम व कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून वादळ उठले, आणि शासनाने ते परिशिष्ट काढण्याचे ठरविले. म्हणजे येथेही पहिला विचार सुचला तो उतारा वगळण्याचाच. परंतु १९८८ च्या आरंभी मुंबईत दलित समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला, आणि अखेर मार्ग निघाला तो असा की मजकूर जसाच्या तसा राहील व त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशा आशयाची टीप सोबत छापली जाईल. ही तडजोड राजकीय होती, रस्त्यावरील बळाच्या तोलातून निघालेली होती, याविषयी भ्रम नको. तरीही ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने ती जबलपूरच्या नेमकी उलट आहे. तेथे लेखकाचे वाक्य गेले आणि आक्षेपकाचे समाधान उरले. येथे लेखकाचे वाक्य राहिले आणि आक्षेपही छापला गेला. टीप हा तसा क्षुद्र वाङ्मयप्रकार. पण तिने जे साधले ते न्यायालयाच्या कात्रीला साधले नव्हते. वाचकापुढे दोन मते आली.

वगळण्याची सवय मात्र सुटली नाही, आणि ती केवळ एका बाजूची आहे असेही मानू नये. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून २००९ मध्ये जे घडले ते ताजेच आहे. आक्षेप होता वारकरी संप्रदायातील मंडळींचा, म्हणजे ज्या कवीच्या वह्या बुडविल्या गेल्या त्याच्याच अनुयायांचा. लेखकाने क्षमा मागितली, पुस्तक मागे घेतले, तरी ते पुरले नाही. संमेलनाध्यक्षपदाचा राजीनामा द्यावा लागला, आणि महाबळेश्वरचे साहित्य संमेलन अध्यक्षावाचून पार पडले. कादंबरी चांगली होती की वाईट, तुकोबांच्या तारुण्याचे चित्रण कलादृष्ट्या समर्थनीय होते की नाही, यावर दोन मते होऊ शकतात. माझे मत त्या कादंबरीला फारसे अनुकूल नाही. परंतु ती दोन मते मांडली जाण्यापूर्वीच पुस्तक नाहीसे झाले, आणि समीक्षेला करण्यासारखे काही उरले नाही. वाईट पुस्तकालाही वाईट म्हणून सिद्ध होण्याचा हक्क असतो.

बंदीचा मुक्तिबोधांवर काय परिणाम झाला, याविषयी हिंदीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ते हादरले होते, आपल्याभोवती काहीतरी आवळले जात आहे असे त्यांना वाटे, याची साक्ष परसाई आदी मित्रांच्या आठवणी देतात. १९६४ च्या फेब्रुवारीत त्यांना पक्षाघात झाला आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबर रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्यानंतर निघाला. बंदी आणि मृत्यू यांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो टाळावा हे बरे. तसाच दुसरा मोह ‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेविषयीचा. मध्यरात्री नगरातून निघालेली मिरवणूक, तीत लष्करी अधिकाऱ्यांच्या व गुंडाच्या जोडीने चालणारे पत्रकार, विचारवंत, कवी व समीक्षक, आणि हे दृश्य पाहिले म्हणून ज्याचा पाठलाग होतो असा निवेदक, हे सारे बंदीच्या अनुभवातून आले, असे सांगितले जाते. कालक्रम याला पूर्णपणे अनुकूल नाही. कवितेची रचना १९५७ च्या सुमारास सुरू झाली होती. बंदी आली तेव्हा तिचा मोठा भाग कवीजवळ असला पाहिजे. म्हणजे अनुभवाने कविता दिली असे म्हणण्यापेक्षा कवितेने पाहिलेले काही अनुभवास आले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. मिरवणुकीतील प्रतिष्ठितांची उपस्थिती ही त्या कवितेची सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट आहे. मुस्कटदाबी गुंड एकटे करीत नाहीत, हे कवीला १९६२ पूर्वीच ठाऊक होते.

परसाईंची गोष्ट निराळ्या वळणाची. ते विनोदकार, आणि जबलपूर हे त्यांचे कार्यक्षेत्र. त्याच शहरात १९६६ पर्यंत तत्त्वज्ञानाचे अध्यापन करणारे रजनीश प्रस्थापित धर्मांवर प्रहार करीत होते, आणि परसाई रजनीशांवर. ‘टॉर्च बेचनेवाले’ ही त्यांची उपहासकथा रजनीशांना उद्देशून आहे असे जाणकार मानतात. अंधाराची भीती घालून आपली बॅटरी खपविणाऱ्या माणसाची ती कथा आहे. श्रद्धेवर हल्ला चढविणाराही श्रद्धेचाच व्यापार कसा करू लागतो, हे तीत जितके नेमके आले आहे तितके कोणत्याही बंदीहुकुमात येणार नाही. एका मध्यम आकाराच्या शहरात असा तिरंगी वाद चालू शकत होता, यात नगराच्या प्रकृतीचे काही श्रेय आहे. परंतु १९७३ च्या जूनमध्ये त्याच शहरात हिंदुत्ववादी संघटनेच्या तरुणांनी परसाईंना त्यांच्या लेखनाबद्दल मारहाण केली. त्यांनी लिहिणे थांबविले नाही. १९८२ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या संग्रहाला. शीर्षकातील पंगू झालेली श्रद्धा कोणाची, हे वाचकांनी ठरवावे.

पुढील इतिहास दुःखद आणि सर्वपरिचित आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला एम. एम. कलबुर्गी. कलबुर्गी हे अकादमीचे पुरस्कारप्राप्त लेखक होते. त्यांच्या हत्येनंतर अनेक लेखकांनी आपले पुरस्कार परत केले, आणि २३ ऑक्टोबर २०१५ रोजी अकादमीच्या कार्यकारी मंडळाने निषेधाचा ठराव केला. दोन घटनांमध्ये जवळजवळ आठ आठवडे गेले. पुस्तकातील उतारा वगळणे आणि माणूस वगळणे यांत प्रकारभेद आहे, आणि जो समीक्षक तो विसरतो तो मृतांवर अन्याय करतो. पण दोन्ही कृतींच्या आधी एकच गोष्ट घडलेली असते. मांडलेल्या मताचा पूर्वपक्ष कोणीही केलेला नसतो. दाभोलकरांचे लेखन शांत, पुनरुक्तीचा कंटाळा न करणारे, शिक्षकाच्या वळणाचे आहे. त्याचे खंडन करू पाहणाऱ्याला त्यातील प्रत्येक विधान सुटे सुटे सापडेल. ते काम करण्याऐवजी काय करण्यात आले ते आपण पाहिले.

पूर्वपक्षाच्या परंपरेचा उल्लेख आरंभी केला, आणि तिचा गौरव करताना तिचे उणेही सांगितले पाहिजे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा आरंभ चार्वाकदर्शनाने होतो. वेदांवर, परलोकावर व पुरोहितांवर चार्वाकांनी घेतलेले आक्षेप तेथे वेदान्ती ग्रंथकाराने बरेच मोकळेपणाने मांडले आहेत. ही उदारता खरी. पण चार्वाकांचे स्वतःचे सूत्रग्रंथ मात्र उरले नाहीत. त्यांचे म्हणणे आपल्याला कळते ते प्रतिपक्षाने उद्धृत केलेल्या तुकड्यांतून. म्हणजे येथेही ग्रंथ गेला आणि उतारे राहिले. जबलपूरच्या निर्णयाची उलट बाजू. आपल्या पूर्वजांनी विरोधकाला सभेत आसन दिले, घरात जागा दिली नाही. याला जो एक विलक्षण अपवाद सापडला तो विसाव्या शतकात. जयराशी भट्ट यांचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ सर्व प्रमाणांचे खंडन करणारा व लोकायत विचाराशी नाते सांगणारा आहे. ईश्वर, आत्मा, शब्दप्रामाण्य यांपैकी कशालाही तो शिल्लक ठेवीत नाही, आणि जैन मतही त्याच्या प्रहारातून सुटत नाही. त्याची पोथी गुजरातेत पाटण येथे मिळाली आणि पंडित सुखलालजी संघवी व रसिकलाल परीख यांनी संपादित केलेला ग्रंथ १९४० मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. ज्या भांडारात ती पोथी शतकानुशतके कपड्यात बांधून, किडीपासून जपून ठेवलेली होती, ते जैनांचे होते.